नाणे घासू नका, आधी वाचा



आपल्यापैकी कितीतरी घरांत एक जुना डबा असतो. कोणाकडे तो बिस्किटांचा पत्र्याचा, कोणाकडे पितळी पानाचा, तर कोणाच्या देव्हाऱ्याखाली नुसतेच फडक्याचे गाठोडे. त्यात आजीची झिजलेली जोडवी असतात, बाळाचा एखादा वाळा असतो, कुलूप हरवलेली किल्ली असते आणि तळाशी पाच-पंचवीस जुनी नाणी असतात. लक्ष्मीपूजनाला ती बाहेर निघतात. चिंच आणि राख लावून घासली जातात, ताटात मांडली जातात, हळदकुंकू वाहून झाले की पुन्हा डब्यात जातात. ती कोणाची, कधीची, कोठली, हे कोणी विचारीत नाही. ‘वाडवडिलांची आहेत’ एवढ्या उत्तरावर सर्वांचे समाधान होते.

आमच्याही घरी तसेच होते. पण या न विचारण्याची किंमत आम्ही दोन वेळा मोजली. पहिल्यांदा माझ्या वडिलांनी, आणि दुसऱ्यांदा गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने. स्वतःच्या घरची फजिती चव्हाट्यावर मांडायला कोणाला आवडेल? पण आमची ठेच पाहून तुमच्यापैकी एक जण जरी शहाणा झाला, तरी लिहिल्याचे सार्थक होईल.

गाडग्याची गोष्ट

आमचे गाव नाशिक जिल्ह्यातले, गोदावरीच्या काठचे. साल १९६५. मी तेव्हा तिसरीत होतो. नदीकडच्या तुकड्यात आबा बांध घालीत होते. कुदळ कशावर तरी आदळली आणि खापर फुटल्याचा आवाज झाला. माती बाजूला केली तर एक लहानसे गाडगे, आणि त्यात काळीहिरवी पडलेली, अंगठ्याच्या नखाएवढी नाणी. थोरल्या बहिणीने मोजली. एकशे चौदा भरली.

गावात बोभाटा नको म्हणून दार लावून घेतले. आईने रात्रभर चिंचेच्या कोळात भिजवून सकाळी राखेने एकेक नाणे घासले. जाईच्या कळ्यांसारखी पांढरीशुभ्र निघाली. चांदी! आबांनी ती तालुक्याच्या गावी नेऊन एका सोनाराला तोलावर दिली. त्यात बाजरीचे बी आले, आईला एक लुगडे आले. सोनाराने नाणी मुशीत टाकली. मला त्या वर्षी सारखा ताप येई म्हणून एक नाणे तेवढे मागे ठेवले होते. त्याला भोक पाडून ते काळ्या दोऱ्यात माझ्या गळ्यात बांधले.

मी नववीत असताना हायस्कूलचे इतिहासाचे गुरुजी एकदा म्हणाले, “गळ्यात काय आहे रे? इकडे ये.” त्यांनी भिंगातून ते नाणे कितीतरी वेळ पाहिले. एका बाजूला राजाचे तोंड, दुसऱ्या बाजूला तीन कमानींचा डोंगर. गुरुजी म्हणाले, “हे क्षत्रप राजांचे नाणे आहे. दीड हजार वर्षांच्या वरचे. या राजांच्या वंशात पुढे फार चांगली रीत पडली. राजाच्या डोक्यामागे ते शकाचे वर्ष घालीत. त्यामुळे कोणता राजा कधी होता हे आज सांगता येते.”

“मग यावर वर्ष कोणते आहे, गुरुजी?” मी विचारले.

गुरुजींनी नाणे माझ्या हातात ठेवले. भोक नेमके त्याच जागी पाडले होते. आजूबाजूची अक्षरे चिंच-राखेने साफ झाली होती.

मग त्यांनी जोगलटेंभीची हकीगत सांगितली. आमच्याच जिल्ह्यातले हे गाव. तिथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा ठेवा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक होती, आणि ती नहपान नावाच्या क्षत्रप राजाची होती. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा वरून मारलेला होता. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्राच्या आईने कोरवून घेतलेल्या लेखात, त्याने क्षहरातांचा वंश उखडून टाकला असे म्हटले आहे. नहपान हा त्याच वंशातला. लेण्यातल्या लेखाला जमिनीतल्या ठेव्याने साक्ष दिली. हरलेल्याचा पैसा जिंकणाऱ्याने आपल्या नावाने पुन्हा चालविला, हे त्या नाण्यांनी सांगितले. हीच नाणी कोणी चार-चार करून विकली असती किंवा वितळवली असती, तर ती साक्ष कायमची बुडाली असती.

आमची एकशे तेरा नाणी तशीच बुडाली. त्यांत कोणाकोणाची वर्षे होती, कोण जाणे!

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. जमिनीत पुरलेल्या धनासाठी १८७८ सालचा कायदा आहे. सरकारी भाषेत त्याला निखात निधी म्हणतात. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जमिनीत सापडले, तर काय सापडले, कोठे आणि कोणत्या दिवशी, हे जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. त्याचा कोणी धनी निघाला नाही तर ते सापडणाऱ्याला आणि जमीनमालकाला मिळते. आपसांत काही ठरले नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा जमीनमालकाचा. सरकारला ते ठेवून घ्यायचे असेल, तर धातूची किंमत आणि त्यावर आणखी तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. न कळवणाऱ्याचा मात्र हक्क जातो, आणि वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

शेत आबांचे, कुदळही आबांची. उजळ माथ्याने कळविले असते, तर सोनाराने दिले त्याहून कमी खासच पडले नसते. पण ‘सरकारला कळले तर सगळे जाईल’ या भीतीने त्यांनी दार लावून घेतले. भीतीनेही माणूस फसतो, केवळ लोभानेच नाही.

पुतण्याची गोष्ट

आता गेल्या वर्षीचे सांगतो. आई जाऊन बरीच वर्षे झाली. तिचा डबा धाकट्या भावाच्या घरी होता. भावाचा मुलगा कष्टाळू, निर्व्यसनी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्या साली कांद्याला बऱ्यापैकी भाव मिळाला. त्याच्या मुलीचा नर्सिंगच्या शिक्षणाला प्रवेश ठरला होता. कांद्याचे पैसे तिच्या फीसाठी बाजूला काढून ठेवले होते.

एके दिवशी मोबाईलवर त्याने एक चित्रफीत पाहिली. ‘रामाचे चित्र असलेले ईस्ट इंडिया कंपनीचे १८१८ चे नाणे असेल तर पन्नास लाख मिळतील.’ त्याने आजीचा डबा उपडा केला. हुबेहूब तसेच नाणे निघाले! खाली दिलेल्या नंबरवर त्याने फोन केला. पलीकडचा माणूस गोडबोल्या. त्याने फोटो मागविला, ‘नाणे अस्सल आहे’ म्हणाला, अभिनंदन केले. मग म्हणाला, नोंदणीचे सहा हजार भरा. भरले. मग म्हणाला, रिझर्व्ह बँकेच्या दाखल्याचे पंधरा हजार भरा. तेही भरले. तिसऱ्या खेपेला त्याने कराचे पासष्ट हजार मागितले, आणि वर सांगितले, “घरात कोणाजवळ बोलू नका, सौदा फिसकटेल.”

माझ्या नातीला बापाचे वागणे चमत्कारिक वाटले. रात्री ती माझ्याकडे आली. “आजोबा, बाबा फीचे पैसे कोणाला तरी पाठवताहेत.”

सकाळीच मी भावाच्या ओसरीवर जाऊन बसलो. पुतण्या आधी काही बोलेना. मग नाणे काढून माझ्यासमोर ठेवले. “तात्या, हे तांदूळ ओढतं म्हणतात. तांदूळ ओढलं तर कोटीला जातं.”

मी त्याला रागावलो नाही. ज्या बापाला पोरीच्या शिक्षणाची काळजी असते, तोच अशा जाळ्यात सापडतो. मी एवढेच म्हणालो, “पैसे उद्याही पाठवता येतील. आज डबा घेऊन ये. आपण सगळी नाणी वाचू. शेवटी हे वाचू. मग तूच ठरव.”

ओसरीवरची शाळा

पोत्यावर पांढरे धोतर अंथरले. नातीने शाळेतले भिंग आणि लोहचुंबक आणले. सूनबाई वही घेऊन बसली. नाणे वाचण्यासाठी विद्वान असावे लागत नाही, वाचकहो. क्रमाने पाच प्रश्न विचारायचे. धातू कोणता? लिपी कोणती? साल कोणते आणि कोणत्या गणनेचे? चित्र कशाचे? वजन किती?

पहिले निघाले तांब्याचे, गोलाई नसलेले, जाडजूड. देवनागरी अक्षरे, पण अर्धी काठाबाहेर गेलेली. पूर्वी ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान असे, म्हणून असे होई. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ही शिवराई. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे साल १६७४. पण प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली नसते. त्यांच्या नावाची शिवराई पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही पाडली जात होती. अक्षरांचे वळण, काठाचे ठिपके, मधल्या रेघा यांवरून जाणकार काळ ठरवितात. दोन आडव्या रेघांची ती दुदांडी शिवराई. आमची दुदांडीच निघाली.

दुसरे चांदीचे. त्यावर चारमिनार आणि उर्दू वळणाचे आकडे. माझ्या आत्याचे सासर वैजापूरकडचे. तो मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तिकडून ते आले. हे आकडे ओळखायला सोपे आहेत. उभी रेघ म्हणजे एक. नुसता ठिपका म्हणजे शून्य. बदामासारखा तो पाच. वर उघडा तो सात, खाली उघडा तो आठ. लिपी उजवीकडून वाचतात, पण आकडे आपल्यासारखे डावीकडूनच. नातीने वाचले, १३३०. हे साल हिजरी. हिजरी वर्ष आपल्या वर्षापेक्षा लहान असते. म्हणून त्यातून शेकडा तीन वजा करायचे आणि ६२२ मिळवायचे. १३३० चे शेकडा तीन म्हणजे चाळीस. उरले १२९०, त्यात ६२२ मिळविले की १९१२. सूनबाईने वहीत मांडून दाखविले. तशीच शकाची रीत आहे. शकाच्या वर्षात ७८ मिळवायचे. विक्रम संवतातून ५७ वजा करायचे.

ती रीत लगेच कामाला आली. तिसरे नाणे बडोद्याच्या गायकवाडांचे होते. त्यावर घोड्याचा खूर आणि तलवार, आणि साल १९४९. पुतण्या म्हणाला, “हे तर स्वातंत्र्यानंतरचं.” नात म्हणाली, “नाही बाबा, ते संवत आहे. ५७ वजा करा. १८९२.” बाप तिच्याकडे पाहतच राहिला.

मग राणीछाप आणि राजाछाप रुपये निघाले. इंग्रजी वाचता येत असेल तर हे सर्वांत सोपे. १८३५ साली कंपनीने आपल्या मुलखात एकसारखे चलन सुरू केले. त्याआधी मुंबई, मद्रास, बंगाल यांची नाणी वेगवेगळी होती. १८६२ पासूनच्या रुपयावर कंपनीचे नाव नाही, राणी व्हिक्टोरियाचे आहे. १८७७ पासून ती ‘राणी’ऐवजी ‘सम्राज्ञी’ झाली. १९०३ पासून एडवर्ड, १९११ पासून पाचवा जॉर्ज. या १९११ च्या रुपयाची गंमत आहे. राजाच्या झग्यावर एक चिमुकला हत्ती कोरला होता, पण त्याची सोंड आखूड पडली आणि तो डुकरासारखा दिसू लागला. लोकांत कुरबूर झाली. सरकारने तो रुपया परत घेतला आणि १९१२ साली हत्ती नीट कोरला. म्हणून १९११ चा रुपया दुर्मिळ. आमच्याकडचा १९१८ चा निघाला, घरोघर असतो तसा.

वजनाची युक्ती इथे सांगतो. हा जुना रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. बारा भागांत अकरा भाग चांदी. चांगला काटा असलेल्या दुकानात तोलून घ्यावा. झिजेने थोडा कमी भरेल, पण दोन-तीन ग्रॅमचा फरक पडला तर संशय घ्यावा. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७ चा वाघछाप रुपया तर निकेलचा. तो लोहचुंबकाला चिकटतो, म्हणून खोटा समजून फेकू नका. मात्र व्हिक्टोरियाचा रुपया चिकटला तर तो निश्चित खोटा.

मधे भोक असलेला तांबूस पैसा निघाला. हा १९४३ ते १९४७ चा, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निघालेला. त्यात धातू कमी लागे. असे चौसष्ट पैसे म्हणजे एक रुपया. १९५७ साली नवे पैसे आले आणि रुपयाचे शंभर झाले.

त्यानंतर एक पितळी चकती निघाली. ना राजा, ना साल. नुसता आकडा आणि वरच्या बाजूला भोक. पुतण्याने ती बाजूला सारली. मी म्हणालो, “थांब. हा बिल्ला आहे. माझ्या मामांचा.” मामा मुंबईला गिरणीत होते. हा त्यांच्या हजेरीचा बिल्ला. १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले ते कायमचेच. बिल्ला तेवढा आईजवळ राहिला. पैशाचे नाणे आणि असा बिल्ला यांतला फरक हाच. नाण्यावर राज्याची खूण आणि किंमत असते. बिल्ल्यावर नुसता नंबर असतो, फार तर कारखान्याचे किंवा खानावळीचे नाव असते. बाजारात त्याला मोल नसेल, पण त्या नंबरामागे एका माणसाचे आयुष्य असते. सूनबाईने न सांगता वहीत लिहिले, ‘मामा आजोबांचा’.

शेवटी तिने आपल्या गळ्यातली जुनी पुतळ्यांची माळ दाखविली. “तात्या, याही नाणीच का?” होय! पुतळी म्हणजे मुळात युरोपातल्या व्हेनिसच्या राज्याचे सोन्याचे नाणे. त्यावर त्यांचा संत उभा, आणि राज्याचा प्रमुख त्याच्यापुढे गुडघे टेकलेला. माणसांची चित्रे, म्हणून आपल्या लोकांनी नाव ठेवले पुतळी. व्यापारात हे नाणे समुद्रापलीकडून आले, आणि सोने चोख म्हणून आपल्या बायकांनी ते गळ्यात घातले. व्हेनिसचे ते राज्य १७९७ साली बुडाले, पण पुतळी आपल्याकडे राहिली. पुढे आपल्याच सोनारांनी तशी नक्कल घडविली. सूनबाईची माळ तशीच, इथे घडलेली. सोने खरे, कारागीर आपला. त्यात कमीपणा कसला?

रामाचे नाणे

आता उरले ते एकच नाणे. मी ते पुतण्याच्याच हातात दिले. “वाच.”

तो वाचू लागला. धातू तांबूस पितळी. लिपी इंग्रजी. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, आणा, १८१८. दुसऱ्या बाजूला राम, सीता, लक्ष्मण, पायाशी मारुती.

“आता पोरीला विचार, १८१८ साली काय झालं?”

“पेशवाई बुडाली,” नात म्हणाली.

“बरोबर. ज्या कंपनीने त्या साली पेशवाई बुडवली, ती आपल्या पैशावर रामाचा दरबार काढील का?”

पुतण्या गप्प. कंपनीचे १८३५ चे खरे तांब्याचे नाणे डब्यात होतेच, ते शेजारी ठेवले. त्यावर दोन सिंहांनी धरलेली कंपनीची ढाल, मागे पानांची माळ आणि मधे किंमत. अक्षरे बारीक, काठ रेखीव. रामाच्या नाण्यावरची अक्षरे मात्र ढोबळ आणि फुगलेली. दोन्ही भिंगाखाली पाहिल्यावर सांगायची गरज उरली नाही. कंपनीने रामदरबाराचे किंवा मारुतीचे आण्याचे नाणे कधीच पाडलेले नाही. काहींवर १६१६ साल असते. तेव्हा तर कंपनीच्या हाती मुंबईसुद्धा नव्हती, मुंबई तिला मिळाली १६६८ साली! ही यात्रेत, तीर्थक्षेत्री विकली जाणारी देवाची मुद्रा आहे. तिला रामटंका म्हणतात. पूजेला ठेवण्यापुरती तिची योजना.

“पण तांदूळ?” पुतण्या हळूच म्हणाला.

मी ताटलीत तांदूळ आणविले. नाणे वर धरले. एक दाणाही हलला नाही. तांदूळ ओढून दाखविणारे ठक आधीच दाण्यांना लोखंडाचा कीस लावून आणतात आणि लोहचुंबकाचा खेळ करतात. लोखंडाला चुंबक ओढते, तांदळाला कोणतेही नाणे ओढीत नाही.

मग मला एकदम आठवले. १९८० सालच्या सिंहस्थात मी आईला पंचवटीत घेऊन गेलो होतो. गोदावरीत स्नान करून आल्यावर रस्त्याच्या कडेला फडक्यावर मांडून बसलेल्या एका म्हाताऱ्याकडून तिने काहीतरी घेतले होते. एक रुपयाला. मी म्हणालो होतो, “कशाला घेतेस?” ती म्हणाली होती, “राम आहे रे त्याच्यावर.” तेच हे.

पुतण्याच्या डोळ्यांत पाणी आले. “म्हणजे आजीचं तरी खरं आहे.”

“आजीचं खरंच आहे. खोटा तो फोनवरचा.”

लगेच सायबर गुन्ह्यांच्या १९३० या नंबरवर फोन लावला, पोलीस ठाण्यात तक्रार लिहून दिली. एकवीस हजार काही परत आले नाहीत, कारण आम्ही उशीर केला होता. अशा फसवणुकीत तासागणिक पैसे हातचे जातात, म्हणून लाज न धरता त्याच घडीला फोन करावा. पासष्ट हजार मात्र वाचले आणि नातीची फी वेळेवर भरली गेली. पुढे कळले की रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच लोकांना जाहीर इशारा दिला होता. बँक जुन्या नाण्यांची किंवा नोटांची अशी खरेदी-विक्री करीत नाही, त्यासाठी शुल्क घेत नाही, आणि तसे करायला तिने कोणाला अधिकारही दिलेला नाही.

एवढे लक्षात ठेवा

घरात जुने नाणे असेल तर ते घासू नका. चिंच, राख, लिंबू, तेजाब काही नको. माती असेल तर साध्या पाण्यात बुडवून काढा आणि मऊ फडक्यावर आपोआप वाळू द्या. भोक पाडू नका, कडी जोडू नका. प्रत्येक नाणे कागदाच्या वेगळ्या पाकिटात ठेवा. वर लिहा, कोणाकडून आले, कधी, कोठून. ही चिठ्ठी म्हणजे नाण्याचा सातबाराच समजा.

जुने म्हणजे महाग, असे मुळीच नाही. दीड हजार वर्षांपूर्वीचे नाणे पुष्कळ सापडले तर स्वस्त असते, आणि शंभर वर्षांपूर्वीचे दुर्मिळ असले तर महाग. किंमत विचारायचीच असेल तर दोन्ही बाजूंचा फोटो काढा, शेजारी आजचा रुपया ठेवा म्हणजे आकार कळेल, आणि संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिची स्थापना १९८० सालची. मुंबईला रिझर्व्ह बँकेने २००४ साली पैशाचे संग्रहालय उघडले. मुले मुंबईला गेली तर राणीच्या बागेबरोबर हेही दाखवा. खरा जाणकार नाणे पाहतो. आधी पैसे भरा म्हणणारा तुमचा खिसा पाहतो.

जमिनीत गाडगे सापडले तर नाणी वाटून घेऊ नका, गाडगेही फेकू नका. जागा लक्षात ठेवा आणि तहसील कचेरीत जाऊन जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आणि शंभर वर्षांहून जुने नाणे परदेशी पाठवण्याचा कोणी सौदा सांगितला तर तेथेच उठा. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याने ते खाजगी माणसाला करता येत नाही.

यंदाच्या लक्ष्मीपूजनाला आम्ही नाणी घासली नाहीत. पाकिटांतून काढून तशीच, काळीसावळी, ताटात मांडली. सुट्टीला आलेल्या नातीने शेजारच्या पोरांना एकेक नाणे वाचून दाखविले. रामाची मुद्रा देव्हाऱ्यात आपल्या जागी होती. ताटाच्या कडेला माझे भोक पडलेले नाणे होते, वर्ष हरवलेले. एका पोराने विचारले, “याचं साल कोणतं?”

मी म्हणालो, “ते आम्हीच पुसलं, बाळा. तू तुझ्या घरचं पुसू नकोस.”